मरोदा तलावावरची मोटर

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या काळात मी मरोदा तलावावरच्या पंपघरात फिटर होतो. भट्टीला लागणारे पाणी तेथून जाई. पावसाळा सरत आला की पाणवेलींचे थर वाऱ्याबरोबर पंपाच्या जाळीकडे सरकत. ते ओढून दूर नेण्यासाठी एक लोखंडी नाव होती आणि तिच्या पाठीला टांगलेली पेट्रोलची मोटर. जाळी बुजली की पंप बंद करावा लागे आणि भट्टीचे पाणी तुटे.

विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटर तापून बंद पडली. थंड झाल्यावर सुरू होई, नाव थोडी पुढे जाई, की पुन्हा जळका वास. नावाडी भंडाऱ्याकडचे, वयाने मोठे. आम्ही त्यांना मामा म्हणत असू.

"मामा, कावून थांबले?"

"मी कुठी थांबलो, बापू? हे थांबली. तव्यावानी तापून राहिली."

काठावरून फोरमन ओरडले, "दुपारपर्यंत नाव नाही चालली तं पंप बंद करतो मी. मंग वर उत्तर तुम्ही द्या!"

अशी मोटर ज्या पाण्यात उभी असते तेच पिते. तिच्या पाण्यात बुडणाऱ्या पायाला खाली फटी असतात. आतले रबरी चाक पाणी वर चढवते आणि यंत्र थंड करून ते मागच्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडते. त्या दिवशी धार नव्हती. फटींत वेल अडकली नव्हती. भोकात तार घालून पाहिली; मोकळे होते. मग पाय उघडला. चाकाच्या पाकळ्या जळून तुटल्या होत्या. चाक त्याच हंगामात बसवलेले. पाण्यावाचून फिरल्याखेरीज रबराची अशी दशा होत नाही.

"मामा, कोरडी चालवली होती का हिले?"

"काल पूजेत नाही का! तूच तं टाळ्या वाजवून राहिला होता."

कारखान्याची रीतच होती; आरती चालू असताना यंत्र थांबू द्यायचे नाही. लेथला किंवा क्रेनला त्याने काही होत नाही. आमची मोटर मात्र काठावर लाकडी घोडीवर चढवून, झेंडूचा हार घालून, शेवटच्या आरतीपर्यंत चालू ठेवली होती. आणि आरत्या म्हणण्यात कोणीच कसर केली नव्हती.

नवे चाक भांडारात नव्हते. पंपाच्या जुन्या झडपेचे जाड रबर घेऊन त्यातून चाक कापले, मधे जुन्या चाकाचा, आसावर बसणारा पितळी तुंबा ठोकून बसवला आणि मोटर पाण्यात सोडली. भोकातून थेंब पडू लागले. धार नव्हती.

"एवढ्यानं काय होते?" फोरमन म्हणाले आणि पंपघराकडे वळले.

"साहेब, थांबा जरा," मी म्हणालो.

जुन्या चाकाचे तुकडे फळीवर जुळवले. फुटलेली बांगडी जुळवावी तसे चाक जुळत आले. एका पाकळीचे टोक मात्र सापडेना. ते बाहेर नव्हते, म्हणजे आतच होते. पाणी वर नेणारी तांब्याची नळी सोडवली. मामांनी आपल्या सायकलचा पंप आणला. मी नळीच्या तोंडाशी चिंधी आवळून धरली; मामांनी सर्व बळ लावून दट्ट्या दाबला. नखाएवढा काळा तुकडा उडून फोरमनच्या बुटापाशी पडला.

"हे पहा भट्टीचा दुश्मन!" मामा म्हणाले.

मोटर जोडली. दोरी ओढली. प्रथम खोकल्यासारखा आवाज, मग धार. सरळ, भक्कम, न तुटणारी. मामांनी नाव वेलीत घातली आणि हिरवा थर जाळीपासून ओढून नेला. पंप क्षणभरही थांबला नाही. फोरमननी स्वतःच्या डब्यातली पोळी मला दिली. ती मी खाल्ली.

पुढच्या वर्षी पूजेला मामांनी मोटरचा पाय पाण्याने भरलेल्या पिंपात उभा केला. हार घातला, नारळ फोडला. आरत्या पूर्वीइतक्याच लांबल्या. शेवटच्या आरतीपर्यंत पिंपात धार पडत होती, आणि मामा टाळ्या वाजवत तिच्याकडेच पाहत होते.