गप्प राहील तो सहमत

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी भिलाई टाउनशिपच्या सेक्टरातल्या काकूंचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणी घेत नसे. त्या सगळ्यांच्या काकू होत्या. माहेर वर्ध्याकडचं, यजमान स्टील प्लँटमध्ये हेडक्लार्क, आणि क्वार्टरच्या पुढच्या ओट्यावर दिवसभर काही ना काही निवडत बसायची सवय.

माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात देवाच्या जागी घटना लिहिणाऱ्याची तसबीर होती, आणि लिहिलेल्या नियमावर वडिलांची फार श्रद्धा होती. माणसाच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसत नाही, पण कागदावर लिहिलेलं कोणी नाकारू शकत नाही, असं ते म्हणत. मीही तेच मानत आलो.

कॉलेजसाठी भिलाईला आलो तो सत्तरीच्या दशकाचा मधला काळ. खोली शोधत होतो. कोहका वस्तीत एक मिळाली होती, पण घरमालकाने आडनाव विचारलं, आणि मग त्याला आठवलं की ती खोली भाच्याला द्यायची आहे. दुर्गमध्ये पद्मनाभपूरलाही तसंच झालं. शेवटी कोणीतरी सांगितलं की सेक्टरात लोक मागची खोली विद्यार्थ्यांना देतात, म्हणून तिकडे फिरत होतो. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला समोरून बरेचदा जाताना त्यांनी पाहिलं असावं.

"कोनाचा रे तू? कावून फिरून राहिला उन्हात?" त्यांनी हाक मारली.

मग प्रश्न सुरू झाले. गाव कोणतं, वडील काय करतात, बहिणी किती, त्यातल्या कितींची लग्नं झाली, आईची तब्येत कशी, सकाळपासून काय खाल्लं, हा शर्ट कोणाचा, तुझ्या मापाचा दिसत नाही. मी उत्तरं देत गेलो आणि शेवटच्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही. नंतर कळून घराबाहेर पडण्यापेक्षा आताच सांगितलेलं बरं, म्हणून मी स्वतःच आमची जात सांगितली.

काकूंनी सुपातून मान वर केली. "मी इचारलं का तुले?" एवढंच म्हणाल्या, आणि सामान घेऊन यायला सांगितलं.

पदवी मिळेपर्यंत मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. त्या घरात माझं ताट वेगळं नव्हतं. कॉलेजातून यायला उशीर झाला की कुठे होतास, कोणाबरोबर होतास, पेपर कसा गेला, चेहरा का उतरला, अशी झडती व्हायची. तेव्हा ती कधीकधी जाचक वाटायची. पुढे माणसं मला काही विचारीनाशी झाली तेव्हा तिची किंमत कळली.

मला प्लँटच्या ऑफिसात नोकरी लागली. काका रिटायर झाले आणि थोड्या वर्षांत गेले. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात इंजिनियर होता, तो काकूंना घेऊन गेला. क्वार्टर दुसऱ्या कुटुंबाला मिळालं आणि ओट्यावर त्यांची स्कूटर उभी राहू लागली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा भिलाईत इंटरनेट आलं. सेक्टरातून शिकून बाहेर पडलेल्या काही मराठी मुलांनी कॉम्प्युटरवर गप्पांची एक खोली उघडली. कोणी सिंगापूरला, कोणी पुण्याला, कोणी बंगलोरला, एक बाई नागपूरला. खोलीला नाव दिलं 'ओटा'. मराठी रोमन अक्षरांत लिहायची, रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं. तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ असायची, त्यामुळे काकूंनाही मुलाने बसवून दिलं. मी इथल्या मराठी मंडळाचा सचिव असल्यामुळे मलाही बोलावलं. घरी कॉम्प्युटर नव्हता. सिव्हिक सेंटरजवळच्या एका सायबर कॅफेचा मालक ओळखीचा होता, तो माझ्यासाठी रविवारी लवकर शटर उघडायचा.

थोड्याच दिवसांत खोलीत एकदोन भांडणं झाली. खोली उघडणारा सिंगापूरचा मुलगा, ज्याच्या हातात लोकांना आत घ्यायची आणि बाहेर काढायची सोय होती, मला म्हणाला, दादा, तुम्ही मंडळाची घटना सांभाळता, आपल्यालाही नियम लिहून द्या.

मी मन लावून लिहिले. शिवीगाळ नको, धर्म-जात-पक्ष नको, मोठ्या रोमन अक्षरांत लिहू नये कारण ते ओरडणं समजतात, कोणाची वैयक्तिक चौकशी करू नये. कोणाला काढायचं झालं तर एका माणसाच्या मर्जीने नाही, मतदानाने. प्रस्ताव मांडायचा, पाच मिनिटं थांबायचं, ज्याला विरोध आहे त्याने 'नाही' लिहायचं. गप्प राहील तो सहमत.

हे शेवटचं वाक्य मी मंडळातून उचललं होतं. आमच्या वार्षिक सभेत अध्यक्ष ठराव वाचायचे आणि "मंजूर?" असं विचारायचे. लोक चिवडा खात असायचे. कोणी बोललं नाही की ठराव मंजूर. गणपतीचा मांडव, वर्गणी, हॉलचे पंखे, सगळं याच पद्धतीने वर्षानुवर्षं चाललं आणि कधी अडलं नाही. माणसाविषयीचा ठराव मात्र मंडळात कधीच यायचा नाही. कोणाशी बिनसलं तर दोन जाणती माणसं त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यायची. हा भाग कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून माझ्या नियमांत तो आलाच नाही.

काकू सगळं मोठ्या अक्षरांत लिहायच्या. लहान अक्षरं दिसत नाहीत म्हणायच्या. एका बोटाने लिहीत असल्यामुळे त्यांचा प्रश्न यायचा तोवर विषय पुढे गेलेला असायचा. क्रिकेटवर बोलणं चालू असताना मध्येच यायचं: बाबू, तुह्या मायचे गुडघे कसे हायेत? मला त्या बाबूच म्हणायच्या. सिंगापूरच्या मुलाला विचारायच्या, तिकडं डब्यात काय नेतोस. मुलं ई-मेलवर फोटो पाठवायची, ते पाहून बंगलोरच्याला म्हणायच्या, पोट्ट्या, फोटोत तुझे केस गळालेले दिसून राहिले. मुलं हसून सोडून द्यायची. मी नियम लिहिणारा, म्हणून माझ्याविषयीच्या प्रश्नांना सर्वांसमोर उत्तर देणं मला बरं वाटत नसे. नंतर सांगतो काकू, असं लिहायचो. ते नंतर कधी आलं नाही.

एका रविवारी त्यांनी पुण्याच्या सभासदाला विचारलं, "सून दिसून नाही राहिली फोटोत. माहेरी गेली का भांडून?" हा मुलगा त्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी कितीतरी दुपारी तो काकूंच्या ओट्यावर जेवला असेल. त्याची बायको खरंच घर सोडून गेली होती, आणि आमच्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हतं. तो काही न लिहिता निघून गेला. आठवड्यात त्याची रीतसर तक्रार आली. त्यात नियमांचे क्रमांक दिले होते.

मी त्याला आणि सिंगापूरच्या मुलाला वेगवेगळं कळवलं की मी काकूंशी बोलतो, प्रस्ताव आणू नका. पुण्याचा मुलगा म्हणाला की जे सगळ्यांसमोर विचारलं गेलं त्याचा निकालही सगळ्यांसमोर लागावा. त्याचं दुखणं खरं होतं. त्याला खोटं ठरवणं मला तेव्हा जमलं नाही आणि आजही जमत नाही.

त्या रविवारी मी लवकर जाऊन बसलो. काकू आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मला आईविषयी विचारलं आणि मी सवयीने लिहिलं, नंतर सांगतो. मग सिंगापूरच्या मुलाने काकूंना खोलीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. पुण्याने आणि बंगलोरने 'हो' लिहिलं. नागपूरच्या बाईंनी 'नाही' लिहिलं. मी 'नाही' लिहून बटण दाबलं, आणि अक्षरं जागची हलली नाहीत.

कॅफेची लाइन आणि मालकाच्या घरचा फोन एकच होता. वरच्या मजल्यावर कोणी रिसीव्हर उचलला की खाली सगळं तुटायचं. त्या सकाळी त्याच्या आईने रायपूरला लेकीला फोन लावला होता. मालक जिन्यावरून ओरडला, "अम्मा, रख दो ना, भैया का काम चल रहा है." अम्मांनी आपलं बोलणं पुरं करूनच फोन ठेवला. मॉडेमची ती किरकिर पुन्हा सुरू होऊन मी खोलीत शिरलो तेव्हा क्रिकेटच्या गप्पा चालल्या होत्या. सभासदांच्या यादीत काकू नव्हत्या.

मग एकेक कळत गेलं. जे काही बोलले नव्हते त्यांच्यात एकजण नाश्ता करायला उठला होता. एकाला वाटलं होतं की बाकीचे सांभाळून घेतील. आणि काकू स्वतः गप्प होत्या. आपल्याविषयी चर्चा चालली असताना आपण मध्ये बोलू नये, खाली बघून बसावं, ही आमच्याकडची रीत. त्यांनी ती पाळली. नियमाप्रमाणे स्वतःला बाहेर काढायला त्यांचीही संमती धरली गेली. माझीही धरली गेली.

मी फेरमतदान मागितलं. सिंगापूरचा मुलगा चांगल्या स्वभावाचा होता. त्याने शांतपणे माझेच नियम मला परत पाठवले. बाहेर गेलेल्या सभासदाने स्वतः अर्ज केला तरच पुन्हा मत घेता येईल, हेही मीच लिहिलं होतं. मी काकूंच्या मुलाला ई-मेल केली की काकूंना अर्ज करायला सांग, मी सगळ्यांशी बोलतो. त्याचं उत्तर लहान होतं. आई अर्ज करणार नाही म्हणते, तिला वाईट वाटलेलं नाही म्हणते. शेवटी एक ओळ होती: "ती फक्त एवढंच म्हणाली, बाबूही गप्पच होता."

ती ओळ वाचल्यावर माझं ऑफिसच्या कामात लक्ष लागेना. आकड्यांच्या बेरजा पुन्हा पुन्हा चुकायला लागल्या. कॅफेतल्या पडद्यावरचा तो 'नाही' मी पाहिला होता, मालकाने पाहिला होता, आणि ज्यांनी पाहायला हवा होता त्या काकूंनाच तो दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी मी दुरुस्ती मांडली. गप्प राहणं म्हणजे सहमती धरू नये, आणि माणसाविषयी मतदानच घेऊ नये. पाच मिनिटं थांबलो. कोणी काहीच लिहिलं नाही. जुन्या नियमाप्रमाणे माझी दुरुस्ती मंजूर झाली. नागपूरच्या बाईंनी हसल्याची खूण टाकली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर खोलीत सगळं नियमाप्रमाणे चाललं. कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नव्हतं, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. लोक क्रिकेटचा स्कोअर टाकायचे, शेअर बाजाराचं बोलायचे आणि जायचे. पुढे पुढे मी जाऊन बसायचो आणि कोणी आलेलं नसायचं. कॅफेचा मालक काच पुसत विचारायचा, भैया, आज भी कोई नहीं? त्या सगळ्यात मला प्रश्न विचारणारा तो एकटा उरला होता.

काकूंना ई-मेल केली असती तर ती मुलाने वाचून दाखवली असती. म्हणून पोस्टातून पत्र पाठवलं. त्याचा कच्चा मसुदा माझ्याकडे राहिला आहे.

*

काकूंना नमस्कार,

हे पत्र मुलाला वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

त्या दिवशी मी 'नाही' लिहिलं होतं. कॅफेवाल्याच्या आईने वर फोन उचलला आणि लाइन तुटली, म्हणून ते तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी गप्प नव्हतो.

तुम्ही विचारत होता आणि मी नंतर सांगतो म्हणत होतो, ते आता सांगतो. आईचे गुडघे गेले. ती आता अंथरुणावरच असते. तिचं सगळं बायको करते, पण तीही थकली आहे. बोलत नाही, भांडी जरा जोरात ठेवते. माझं प्रमोशन झालं नाही. ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीचं बोलणं चाललं आहे, साहेब रोज विचारतात, मी उद्या सांगतो म्हणतो. मुलगी बारावीला आहे. मी मराठीत बोललो की हिंदीत उत्तर देते. हुशार आहे. जेवण नीट करत नाही, तुमच्यासमोर असती तर जेवली असती.

तुम्ही एकदा विचारलं होतं, तू खुश हायेस का रे? मी पावसाचं काहीतरी लिहिलं होतं. आजारी नाही काकू. थकलो आहे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

पुण्याच्या मुलावर राग धरू नका. त्याचं घर मोडलं आहे. तुम्ही विचारलं ते खरं होतं म्हणून त्याला लागलं.

आता माझे प्रश्न. दुपारी तुम्ही तिकडे कोणाशी बोलता? ज्वारीचं पीठ मिळतं का? डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार होतात, झालं का? बसायला बाहेर जागा आहे का, आणि समोरून कोणी जातं का?

सगळ्यांची उत्तरं लिहा. काही विचारायचं असेल तर तेही लिहा, मी ज्या दिवशी पत्र मिळेल त्या दिवशी उत्तर देईन. पण गप्प राहू नका. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचा अर्थ काय लावायचा, ते मला आता कळत नाही.

तुमचा,
मागच्या खोलीतला बाबू