सातव्या होलचा उंचवटा

रंधाला स्वस्थ बसता येत नसे. घरी असला की भिंतीवरची तसबीर सरळ कर, कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा सरकव, शेजाऱ्यांची पायरी एका बाजूला कललीय म्हणून त्यांचं डोकं खा, असं काहीतरी चालूच. एकदा लेकीच्या सासरी जेवायला गेला आणि टेबल डुगडुगतंय म्हणून ताट वाढलेलं असताना टेबलाखाली शिरला. बायको म्हणायची, "अहो, देवानं तुम्हाला हात दिले खरे, पण ते ठेवायला जागा द्यायला विसरला."

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. सुताराचा रंधा फळीवरून फिरतो तसा हा डोझर जमिनीवरून फिरवायचा, म्हणून कामावर सगळ्यांनी त्याला रंधा करून टाकलं. पस्तीस वर्षं त्यानं गोल्फची मैदानं घडवली होती. नकाशा द्या आणि सपाट माळ द्या, सहा महिन्यांत तिथं टेकड्या, वाळूचे खड्डे, तळी, सगळं हजर. डोझरचं पातं तो इतकं हलकं टेकवायचा की मागून चालणाऱ्याला वाटावं, इथं कुणी हातानं सारवून गेलंय. सुट्टीच्या दिवशी बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून मैदानाच्या कुंपणापाशी न्यायचा आणि बोट दाखवायचा. "तो उंचवटा माझा. ते तळं माझं. पलीकडच्या तिन्ही टेकड्या माझ्या." बायको मान डोलवायची. तिला सगळ्या टेकड्या सारख्याच दिसत, पण हे ती कधी बोलली नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्याला नव्या मैदानाचं बोलावणं आलं. जागा मेंढ्या चरायची होती. वर-खाली होत गेलेला माळ, मध्ये ओहोळ, कुठं खडक, कुठं गुडघाभर गवत. रंधानं एका बाजूला उभं राहून नजर टाकली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. इथं दोन वर्षांचं काम होतं.

मैदानाचा आराखडा करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, पायात चिखलानं भरलेले बूट. त्या आठ-आठ तास नुसत्या चालत. थांबत, मागे वळून बघत, पुन्हा चालत. रंधा त्यांच्या मागे.

"बाई, हा खड्डा बुजवून घेऊ?"

"नको."

"तो खडक काढतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"नको, राहू दे."

"मग ओहोळ तरी जरा सरळ करतो."

"नको हो."

आठवड्याभरात कामगारांनी त्यांचं नाव नकोबाई ठेवलं. अठरा होलांचं, म्हणजे चेंडू मारत भोकापर्यंत जायच्या अठरा पट्ट्यांचं मैदान, आणि बाईंच्या यादीत मशीनचं काम जेमतेम अकरा दिवसांचं. बाकी सगळं गवत कापणं आणि खुंट्या ठोकणं. रंधानं हिशेब केला तर आधीच्या मैदानावर त्यानं अकरा दिवसांत नुसतं एक तळं खणलं होतं.

शेवटी न राहवून त्यानं विचारलंच. "बाई, काहीच करायचं नव्हतं तर मला कशाला बोलावलंत? कुणीही चाललं असतं."

"कुणीही नसतं चाललं," बाई म्हणाल्या. "थोडंच करायचं असलं की हात चांगला लागतो. जिथं पातं लावाल तिथं ते लावलंय हे कळता कामा नये. ही जमीन आपल्याआधी इथं आहे. वारा, पाणी, मेंढ्या, सगळ्यांनी मिळून केलेलं आहे हे. आपण फक्त खेळायची वाट कुठून जाते ते शोधायचं."

रंधानं मान हलवली, पण मनात म्हणाला, हे बरं आहे, म्हणजे चांगल्या स्वयंपाक्याला बोलवायचं आणि सांगायचं की भाजी कच्चीच खायची आहे.

अकरा दिवसांचं काम संपलं. डोझर ताडपत्रीखाली जाऊन उभा राहिला. रंधा रोज सकाळी ताडपत्री काढायचा आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचा. दहाची वीस मिनिटं झाली, विसाची तीस. मुकादम लांबून ओरडायचा, "रंधाभाऊ, डिझेल काय ओहोळातनं येतं का?" मग तो इंजिन बंद करायचा आणि दिवसभर खिशात हात घालून फिरायचा. फिरताना त्याचे पाय हटकून सातव्या होलकडे वळायचे.

सातव्या होलवर, जिथं भोक असतं त्या ग्रीनच्या अलीकडे, डाव्या अंगाला एक उंचवटा होता. वेडावाकडा. एका बाजूला पाठ वर आलेली, दुसऱ्या बाजूला उगाच खचलेला, वर गवताचे पुंजके. चांगला मारलेला चेंडू त्यावर पडला की कुठंही उडायचा. रंधाला तो बघवत नसे. उद्या इथं लोक येणार, खेळणार, आणि विचारणार, हे कुणाच्या हातचं? मैदानं घडवणाऱ्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. रंधानं केलंय, असं म्हणणार. पस्तीस वर्षांत त्याच्या नावावर असलं एकही काम नव्हतं, आणि हे शेवटचंच मैदान होतं. रात्री झोपेत तो कूस बदलायचा तेव्हाही डोळ्यांपुढे तो उंचवटा असायचा. बायकोनं विचारलं, "कुठं दुखतंय का?" तो म्हणाला, "सातव्यावर."

मग बाई आठ दिवसांसाठी दुसऱ्या कामावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंधानं नेहमीसारखी ताडपत्री काढली, इंजिन चालू केलं, आणि या वेळी बंद केलं नाही. सातव्यावर जाऊन चाळीस मिनिटांत त्यानं तो उंचवटा छाटून टाकला. जुन्या सवयीनं वरची माती वेगळी काढून बाजूला रचली, खालची सारखी केली. उतरून बघितलं तर ग्रीनपर्यंत जमीन अशी सरळ, अशी देखणी गेली होती की त्याला खूप दिवसांनी भूक लागली.

मुकादम धापा टाकत आला. "हे काय केलंत?"

"नीट केलं."

मुकादमानं खिशातून बाईंची यादी काढली. प्रत्येक होलपुढे पाच-सहा ओळी होत्या. सातव्यापुढे एकच. 'डावीकडचा उंचवटा. या होलला दुसरं काही लागत नाही.'

"या उंचवट्यासाठी हे होल इथं आहे," मुकादम म्हणाला. "त्याच्यामुळं उजवीकडनं यावं लागतं, आणि उजवीकडं ओहोळ. खेळणाऱ्यानं काय करायचं ते त्यानं ठरवायचं. आता काय ठरवणार? सरळच आहे सगळं."

रंधानं पुन्हा जमिनीकडे पाहिलं. ती देखणी होती, आणि तिच्यात काहीच नव्हतं.

पुढचे सहा दिवस तो माणसात नव्हता. बाई यायच्या आत उंचवटा परत उभा करायचा होता. माती होती, मशीन होतं, पस्तीस वर्षांचा हात होता. नव्हता तो फक्त उंचवटा. मुकादमाच्या फोनमध्ये एक फोटो निघाला, पण तो भरदुपारचा. सावली नसल्यामुळं फोटोत उंचवटा सपाट दिसत होता. रंधा आठवायला बसला. हजारदा बघितलेला, शिव्या घातलेला उंचवटा, आणि पाठ नेमकी कुठून वर आली होती ते आठवेना. पहिल्या दिवशी त्यानं तो उभा केला आणि मोडला. दुसऱ्या दिवशी दोनदा. मुद्दाम वाकडा करायला जावं तर ते मुद्दाम केलेलं दिसायचं. सहज करावं तर हात आपोआप गुळगुळीत करायचा. डबा तसाच घरी परत जायला लागला तशी बायको विचारू लागली. तो म्हणायचा, "काम वाढलंय." सहाव्या दिवशी त्यानं गवताचे पुंजके हातानं लावले, झारीनं पाणी घातलं, आणि दहा पावलं मागे जाऊन बघितलं. मुकादम म्हणाला, "झाला की. हुबेहूब." रंधाच्या जिवात जीव आला.

बाई आल्या त्या पहिल्या होलपासून चालत निघाल्या. रंधा मागे. सातव्यावर पोचल्यावर बाई थांबल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग उंचवट्याभोवती एक फेरी मारली आणि त्याच्याकडे वळल्या.

"हा तुमचा आहे."

रंधा म्हणाला, "मीच काढला होता, बाई. मग परत घातला. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं."

बाई म्हणाल्या, "मला प्रचंड राग आलाय. आवाज चढवत नाहीये म्हणून आला नाही असं समजू नका."

"पण ओळखलंत कसं? गवतावरून?"

"तुमची तीन मैदानं मी चालून बघितली आहेत. तुमच्या प्रत्येक टेकडीचा उजवा खांदा जरा लांब उतरतो. डावीकडनं पातं नेता तुम्ही, हो ना? शेवटी हात आवरत नाही. हा बघा. इथंही तसाच."

रंधानं पाहिलं. खांदा होता. जशी स्वतःची सही दिसावी तसा स्वच्छ दिसत होता. एका क्षणात त्याला त्याच्या सगळ्या टेकड्या आठवल्या, कुंपणाबाहेरून बायकोला दाखवलेल्या, आणि लक्षात आलं की पस्तीस वर्षं तो एकच टेकडी करत आला होता. त्याला वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला नोकरी गेली असती तरी वाटलं नसतं.

"परत करू, बाई? खांदा काढतो. या वेळी जमेल."

"नको."

"मग असाच ठेवणार?"

"आता इथं हा आहे. जे आहे त्यावर होल बसवायचं." बाई वळून होलच्या सुरुवातीपर्यंत चालत गेल्या, रंधा मागे. पहिला फटका जिथून मारायचा तिथली खुंटी त्यांनी उपटली, पंधरा पावलं बाजूला जाऊन पुन्हा ठोकली. "तुम्हाला मी काढत नाही. मैदानाच्या देखभालीला राहा. रोज इथून जायचं. आणि त्या उंचवट्याला हात लावायचा नाही. फावडं नाही, दाताळं नाही, काही नाही."

मशीन चालवणाऱ्याला याहून मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती. दोन वर्षं रंधा रोज सातव्यावरून गेला. मैदान सुरू झालं. बाईंच्या सांगण्यावरून मेंढ्या गवत चरायला येतच राहिल्या. त्या उंचवट्यावर चढत, पावसाच्या बाजूला पाठ करून त्याच्या आडोशाला बसत, अंग घासत. एका पावसाळ्यात त्याच्या कडेचा एक तुकडा घसरला. रंधाची बोटं वळवळली. त्यानं हात खिशात घातले आणि पुढे गेला. हे दोन महिन्यांनी सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण दोन वर्षांतही गेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात बायको म्हणाली, "या मैदानावर मला एकदाही नेलं नाहीत. इथं तुमचं काय काय आहे?"

तिला काही माहीत नव्हतं. रंधा तिला कुंपणाबाहेर न थांबवता आत घेऊन गेला. सातव्यापर्यंत चालताना त्यानं सगळं सांगितलं: चाळीस मिनिटं, सहा दिवस, खांदा. उंचवट्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "बघ. इथं उजवीकडं. एवढं एकच माझं आहे इथं, आणि तेही चुकलेलं."

मग त्यानं स्वतः बघितलं. खांदा दिसेना. तो डावीकडून आला, उजवीकडून आला, वाकून बघितलं, लांब जाऊन बघितलं. मेंढ्यांनी बसून बसून तिथं एक पसरट खोलगा केला होता. पाठ भलत्याच ठिकाणी वर आली होती. घसरलेल्या तुकड्यावर दाट गवत होतं.

"सापडलं का?" बायकोनं विचारलं.

"नाही," रंधा म्हणाला. "गेलं."

तो मेंढ्यांच्या खोलग्यात बसला. बायकोही शेजारी बसली. त्याला वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं हे त्याला सांगता आलं नसतं, पण डोळे भरून आले होते. पुढ्यात, खुरांनी उकरलेली मूठभर माती सुटी पडली होती. त्याचा हात आपसूक तिकडे गेला, थोपटून सारखी करायला.

बायकोनं त्याचं मनगट धरलं. "नको," ती म्हणाली.

त्यानं हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं मेंढ्या आल्या तेव्हाही ती दोघं तिथंच बसली होती.