ती बंदरावर बसून राहिली
चिक्कडपल्लीच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला की मला ते जुनं बंदरगाव आठवतं. हिवाळ्यात आमच्या फोटोवाल्या ग्रुपबरोबर मी नणंदेलाही तिथे नेलं होतं. धुक्यात सगळे पडक्या गोदामांचे फोटो काढत पुढे गेले आणि ती ओल्या वाळूत एका होडीला टेकून बसली. "वहिनी, मी आता सासरी जाणार नाही. हे मारतात मला," असं म्हणून तिने स्वेटरची बाही वर केली. दंड काळानिळा पडला होता. मी तिथूनच माझ्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "तिला आपल्याकडेच घेऊन ये." आता ती आमच्याकडे राहते, दिलसुखनगरला नोकरीला जाते, पण दाराची बेल वाजली की अजूनही आतल्या खोलीत जाऊन उभी राहते.