कोकिळाताईंची इंटर्नशिप

पगार किती मिळेल, हे खरं तर मुलानं विचारायचं होतं. विचारलं त्याच्या आईनं.

मी तेव्हा जळगावात प्रेमराज सरांच्या ऑफिसात काम शिकत होते. सीए व्हायचं तर आधी कुणा सीएच्या हाताखाली काम करावं लागतं, त्यातलंच ते. मी मूळची धुळ्याची, तिथे मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. एप्रिलची दुपार होती, कूलर नुसताच आवाज करत होता आणि सरांच्या टेबलासमोर दोघं बसली होती. असोद्याचा ललित भोळे, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचा, आणि त्याची आई कोकिळाताई.

ललितच्या कॉलेजानं यंदापासून उन्हाळ्यात इंटर्नशिप सक्तीची केली होती. कुठल्या तरी ऑफिसात काम करायचं आणि दाखला आणायचा. तो चार ठिकाणी जाऊन आला होता आणि चारही ठिकाणी एक शब्द न बोलता परतला होता. म्हणून पाचव्या ठिकाणी आई बरोबर आली होती, स्वतः मोटारसायकलवर मागे बसून.

"डेबिट आणि क्रेडिटमधला फरक सांग," सर म्हणाले.

ललितनं पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. त्याला येत होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र वाटलं, पोरगा आता रडतो की काय.

"मी सांगू का?" आईनं विचारलं आणि परवानगीची वाट न बघता सांगितलंसुद्धा. उदाहरणासकट. केळीच्या खोडांपासून ठिबकच्या नळ्यांपर्यंत काय कुठल्या बाजूला जाईल, ते सगळं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कुठे शिकलात?"

"भुसावळला. बीकॉम, पहिल्या वर्गात. निकाल लागला आणि दुसऱ्या महिन्यात लग्न लागलं."

"मग मुलाऐवजी तुम्हीच या की," सर हसत म्हणाले.

"कधीपासून येऊ?"

सरांचं हसू तिथेच थांबलं. मी फाइलमागे तोंड लपवलं. ललितनं तर डोळेच मिटून घेतले.

"आणि पगाराचं कसं?" ताईंनी पुढे विचारलं.

सर जरा सावरून बसले. माझ्यासारख्या आर्टिकलवाल्यांना नियमानं स्टायपेंड द्यावा लागतो, पण उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी येणाऱ्यांना ते काही देत नसत. तेच त्यांनी सांगितलं. शिकायला मिळतं, दाखला मिळतो, बहुतेक ठिकाणी असंच चालतं.

ताईंनी ते नीट ऐकून घेतलं. वाद घातला नाही. "असं करा," त्या म्हणाल्या, "पहिला महिना दोघंही फुकट येतो. उपयोगाचे वाटलो तर दुसऱ्या महिन्याचं काही द्या. नाही वाटलो तर दाखलाही नको, आपणहून जाऊ."

"दाखल्याशिवाय कसं चालेल?" ललित पहिल्यांदाच बोलला.

"मग उपयोगाचा हो," आई म्हणाली.

आता घरी काय झालं ते मला ताईंनीच नंतर सांगितलं. त्यांचे यजमान लोटनभाऊ ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बशी खाली ठेवली. "फुकटचं काम घरी कमी आहे का, की ते करायला तुले जळगावले जायचंय?"

"घरच्या कामात आता मले कोणी नवीन काही शिकवत नाही," ताई म्हणाल्या. "तिथं शिकवतील."

लोटनभाऊंनी बशी पुन्हा उचलली. त्यांनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी भाकरी कोण करील?" सकाळी करून ठेवीन, असं ठरलं.

मे सुरू झाला तशी दोघं येऊ लागली. ताईंना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. "ऑफिसात काकू नको गं, उगाच पदर सावरावासा वाटतो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून ताई.

हिशेब त्यांना येत होता, कॉम्प्युटर येत नव्हता. त्यांच्या कॉलेजात एक होता, पण तो कुलुपात. की-बोर्डवर त्या एका बोटानं अक्षर शोधायच्या, सापडलं की जोरात दाबायच्या, आणि ते सात वेळा उमटलं की मशीनलाच रागवायच्या. ललितचं उलट होतं. तोंड बंद, पण हिशेबाच्या टॅली प्रोग्रामवर बोटं अशी चालायची की बिलांचा गठ्ठा बघता बघता संपायचा.

मात्र आई त्याच खोलीत आहे, हे त्याला पचत नव्हतं. त्याच्याच वर्गातली दोन मुलं समोरच्या इमारतीतल्या ऑफिसात इंटर्न होती, आणि ती चहाच्या टपरीवर विचारायची, "काय रे, आज डब्याबरोबर आईपण आणली का?" म्हणून तो ताईंकडे पाठ करून बसायचा, वेगळा जेवायचा. आणि चारचौघांत आई म्हणायला नको म्हणून माझ्यामार्फत निरोप द्यायचा. "पुनमताई, त्यांना सांगा, प्रिंटर चालू झाला." त्या म्हणजे दोन हातांवर बसलेली त्याची सख्खी आई.

ताईंना ते कळत होतं. एकदा फक्त मला म्हणाल्या, "घरी अजून मीच ताटात वाढते बरं का त्याला."

तीन आठवडे असेच गेले. ताई आता दोन्ही हातांनी टाइप करू लागल्या होत्या आणि त्यांना स्वतंत्र काम मिळालं होतं, एका हार्डवेअरच्या दुकानाची खरेदीची बिलं चढवायचं. त्यांनी आठवडाभर मान वर न करता ते केलं. पूर्ण झालं तेव्हा सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी ललित माझ्या टेबलाशी आला. चेहरा पडलेला. "पुनमताई, त्यांना सांगा…" आणि पुढे बोलेना. मग अचानक वळून थेट तिकडेच गेला.

"आई, हे बघ."

सगळं ऑफिस ऐकत होतं. ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. आमच्याकडे जवळजवळ एकाच नावाच्या दोन व्यापारी पार्ट्या होत्या. एक जळगावची, एक रावेरची. जळगावच्या दुकानाची आठवड्याभराची बिलं ताईंनी रावेरच्या नावावर चढवली होती. कराचं रिटर्न भरायची तारीख तोंडावर आली होती. ते तसंच गेलं असतं तर दोन्ही व्यापाऱ्यांना नोटिसा आल्या असत्या.

ताई उठल्या आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. "माझ्या हातून मोठी चूक झाली," त्या म्हणाल्या आणि काय झालं ते सांगितलं. "मी उद्यापासून येत नाही. ललितला मात्र ठेवा, त्यानंच ती शोधली."

सर चिडले होते, ते दिसत होतं. ते काही बोलणार एवढ्यात ललित दारात येऊन उभा राहिला. हाच तो मुलगा, ज्याच्या तोंडून साधा डेबिट निघाला नव्हता.

"सर, ती गेली तर मीही जाईन. आम्ही आज बसून नीट करतो. ती बिलं वाचेल, मी चढवेन. संध्याकाळपर्यंत होईल." मग म्हणाला, "दोन नावं इतकी सारखी आहेत, की यादीत गावाचं नाव पुढे लिहायला हवं होतं. कुणाचीही चूक झाली असती."

ती यादी सरांनी स्वतः केली होती. त्यांनी घसा साफ केला. "बसा मग कामाला," एवढंच म्हणाले.

आई बिल वाचे आणि मुलगा चढवे, असं ते दिवसभर चाललं. मध्येच डबा उघडला गेला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. टेबलावरच दोघांनी एका डब्यात जेवून घेतलं. समोरच्या ऑफिसातला एक मुलगा ललितला चहाला बोलवायला आला, त्याने ते पाहिलं. "काय रे," त्यानं सुरुवात केली. "आईबरोबर जेवतोय," ललित म्हणाला. "तू येतो का? ठेचा आहे." तो मुलगाही बसला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ललित मनापासून हसला.

बिलं वेळेत सुधारली. पण ताईंची उमेद खचली होती. महिना संपत आला तरी पगाराचा विषय त्यांनी काढला नाही. "उपयोगाचे वाटलो तर, असं मीच बोलून बसले ना," त्या मला म्हणाल्या.

त्याच सुमाराला धुळ्याची फेरी निघाली. धुळ्याला सरांच्या एक क्लायंट होत्या, तानुबाई. पतीच्या मागे मिरची-मसाल्याचा छोटा कारखाना एकटीनं चालवणाऱ्या. व्यवहार चोख, पण बिलं कधी वेळेवर द्यायच्या नाहीत. ऑफिसातली मुलं फोन करून थकली होती. मला धुळ्याची म्हणून पाठवत होते, आणि सर म्हणाले, ताईंनाही घेऊन जा.

मे महिना म्हणजे मसाल्याचा हंगाम. आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघी शिंकायलाच लागलो. मी तानुबाईंना सरांचा निरोप सांगायला जायचे, की शिंक यायची. त्या कंटाळून म्हणाल्या, "बठ्ठं बरोबर शे मन्हं. तुम्हनी कटकटच भारी शे."

ताईंना अहिराणी बोलता येत नाही, त्यांच्या असोद्याची बोली वेगळी. पण 'माझं सगळं बरोबर आहे, तुमचीच कटकट फार' हा सूर कळला. त्या तिथल्याच एका पोत्यावर बसल्या, नाक पुसलं आणि आपल्या बोलीत सांगायला लागल्या. चुकीच्या नावावर आठवडाभर बिलं कशी चढवली, वर सगळ्यांना कुल्फी कशी खाऊ घातली, आणि पोराने येऊन "आई, हे बघ" म्हटलं तेव्हा जमिनीत शिरावंसं कसं वाटलं. तानुबाई आधी ऐकत होत्या, मग हसायला लागल्या, कुल्फीवर आल्यावर तर पोट धरून हसल्या.

मग हळूच म्हणाल्या, त्यांना बिलं द्यायची भीती वाटते. ऑफिसातली पोरं फोनवर भराभर इंग्रजी शब्द फेकतात, पुन्हा विचारलं तर आवाज चढवतात. आपल्याला समजत नाही हे दिसायला नको, म्हणून त्या टाळत होत्या.

"मलेही महिन्याभरापूर्वी समजत नव्हतं," ताई म्हणाल्या आणि एक बिल हातात घेऊन सांगू लागल्या. हा आपण भरलेला कर, हा गिऱ्हाईकाकडून घेतलेला, यातून तो वजा. खरेदीची बिलं दिली नाहीत तर तुमचाच तोटा. नुकतंच शिकलेलं होतं, म्हणून कुठे अडकायला होतं ते त्यांना अजून आठवत होतं. मी दोन वर्षांत ते विसरून गेले होते.

"आत्ते समजनं माले," तानुबाई म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा आमच्याकडे सगळी बिलं होती आणि दोघींना एकेक पुडा काळा मसाला. वर सरांना फोनवर निरोप गेला, "पुढला महिनाले हाई बाईलेच धाडा. बठ्ठा कागद मी हाईलेच देसू."

जूनच्या पहिल्या दिवशी सरांनी माय-लेकाला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या महिन्याचा स्टायपेंड ठरला, दोघांना सारखाच, तीन-तीन हजार. ललितला वाटलं, आईला जास्त मिळायला हवा. ताईंना वाटलं, ललितला. दोघं त्यावरून बाहेर येऊन माझ्यासमोरच भांडली, आणि मला त्या दोघांचाही हेवा वाटला.

इतक्या पैशांत जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि महिन्याचा किराणा, एवढंच होत होतं. ताईंना ते माहीत होतं. तरी त्या दिवशी त्या बाहेर गॅलरीत जाऊन लोटनभाऊंना फोन करून आल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, दोन महिन्यांचं का नाही दिलं?"

जुलैत ललितचं कॉलेज सुरू झालं. दाखला घेऊन तो गेला, आणि जाताना ऑफिसात सगळ्यांशी हात मिळवून, बोलून गेला. ताईही निघाल्या होत्या. तेव्हा सरांनी त्यांना नोकरीचंच विचारलं. बाहेरगावच्या क्लायंटना भेटायचं, समजावून सांगायचं, बिलं गोळा करायची. पगार आठ हजार.

"दहा," ताई म्हणाल्या. "आणि केळी काढणीच्या दिवसांत मी येणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"त्या दिवसांचा पगार कापेन," सर म्हणाले.

"कापा. पण मग दहाच."

सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही मदत करणार होते. मी पुन्हा फाइलमागे गेले. शेवटी नऊवर ठरलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं.

माझं काम शिकणं संपलं आणि मी धुळ्याला परतले. परवा मी जळगावला गेले तेव्हा ताई जुन्या स्कूटीवरून रावेरला निघाल्या होत्या. एवढ्या लांब, या उन्हात? मी म्हटलं, एसटीनं जा की. "एसटीनं गेले तर वाटेत कुणाच्या मळ्यात थांबता येत नाही," त्या म्हणाल्या. पगाराचं विचारलं, तर सहा महिन्यांनंतरचं बोलणं झालं होतं, पण किती ते सांगेनात. "आमच्या यजमानांनासुद्धा सांगितलं नाही," म्हणाल्या आणि हेल्मेटचा पट्टा आवळून निघून गेल्या.