कासिमचाचा आणि दारूकोठाराची उत्तर भिंत

...तर एकदा चहा आला आणि आपले कासिमचाचा गवंडीकामाची करणी पालथी धरून तसेच उभे राहिले! चुना नीट दळला गेलाय की नाही, हे बघायची त्यांची ही रीत. करणीवर चुन्याचा गोळा घ्यायचा, करणी उलटी करायची आणि दहा आकडे मोजायचे. गोळा पडला, की परत चुना दळायच्या घाणीत घाला. चाचा काही दहावर थांबत नाहीत. त्या दिवशी बावीसपर्यंत गेले, गोळा हलेना. शेवटी घाणीवरच्या भिमाबाई करवादल्या, "कासिमभाव, आता काय त्याचं लगीन लावताव? लाव की भिताडाला!"

ते भिताड म्हणजे खाडीकाठच्या जुन्या बुरुजाचं. एके काळी खालून फिरंग्यांची गलबतं तोफा डागायची आणि वरून मराठे त्यांना जबाब द्यायचे. गोळ्यांचे ताटलीएवढे खळगे दगडावर अजून दिसतात. बुरुजाला पाठ लावून एक दारूकोठार आहे, तोफांची दारू कोरडी राहावी म्हणून बांधलेलं. आता समोर कारखान्यांची धुराडी आणि मागे टॉवर. मधे हे दोन म्हातारे उभे आहेत आपले, अंग चोरून.

त्यांच्या डागडुजीला कासिमचाचांना बोलावलं, तेव्हा चाचांचं वय सहासष्ट. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचे. बाप चुन्याचा गवंडी, आजा चुन्याचा गवंडी. पण नवी मुंबईत चुना कोण विचारतो? कोपरखैरण्यात राहून माणसाने उभा जन्म सोसायट्यांच्या बाथरूमला टाइल्स लावल्या. बोलावणं आलं, तसे दुसऱ्या दिवशी बापाची करणी घेऊन हजर. मग काय विचारता! कळीचा चुना महिनाभर हौदात भिजवला, त्यात गूळपाणी, बेलाचा गर. खळग्यांपुढे तर तासन् तास बसायचे. आतला सैल दगड तेवढा बसवायचे, पण खळगा बुजवायचा नाही. "गोला लागलाय तर लागलेला दिसू दे," म्हणायचे.

अशा माणसाची झोप उडाली ती उत्तर भिंतीपायी.

कामावरचा इंजिनियर आशुतोष, सीवूड्सचा, हुशार आणि गोड पोरगा. त्याने कोठाराची प्रत्येक भिंत तपासून खडूने खुणा केल्या होत्या. उत्तर भिंतीवर टिकमार्क. तिथे पूर्वी कुणीतरी दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, सिमेंटने भरल्या होत्या, आणि सिमेंट कसं, घट्ट. "चाचा, ही सोडा. वरून चुन्याचा एक हात फिरवा, झालं. आठ दिवसांनी वरचे साहेब पाहणीला येणार."

चाचांनी मान हलवली. पण आशुतोषची पाठ वळली, तशी भिंतीला हातोडीची मूठ लावली. भद्द. चार हात पुढे सरकून पुन्हा लावली. भद्द.

आत पोकळ आहे हे कळायला आवाज ऐकायची गरजही नव्हती म्हणा. तीस वर्षांमागे एका कंत्राटदाराने त्या भिंतीचं काम दोन दिवसांत उरकून घेतलं होतं. रेतीची गाडी आली नाही, म्हणून गवंड्याने खाडीचीच रेती चाळून सिमेंटात कालवली, मागे खडी कोंबली आणि वरून असा झोकदार हात फिरवला, की कंत्राटदाराने पाठ थोपटली. तो गवंडी म्हणजे कासिमचाचा. रेतीतलं मीठ तीस वर्षं दगड आतून खात बसलं होतं. वरून चुना लावला असता तर भिंत दिसली असती नव्या नवरीसारखी, आणि एक दिवस धाडकन बसली असती. बोलावं, तर पहिला प्रश्न येणार, कुणी केलं हे? चुन्याचा शेवटचा जाणता गवंडी म्हणून ज्याला मानाने आणलं, त्यानेच केलं! कामावरून काढलं, तर बापाची करणी पुन्हा पेटीत.

दोन दिवस चाचा दुसऱ्याच भिंतीशी खुडबुडत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी आशुतोषपुढे उभे राहिले.

"साहेब, उत्तरेची भिंत खोलाया लागेल. आत पोकळ हाय."

"चाचा, मी स्वतः तपासलीये. टेन्शन नका घेऊ."

"तुमी वरून तपासली. आमी आतून भरलीय."

आशुतोषला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हणजे हे सिमेंट..."

"माझ्या हातचं. रेती खाडीची. खारी."

घाणीचं चाक थांबलं. आणि तिकडून भिमाबाई पदर खोचत आल्या. "आन् ती रेती मी वायली व्हती डोक्यावर! दोन दिस झालं, या बाबाचं त्वांड बघतीया मी. काडाचं तर दोघांना काड. पन आदी भित खोल, रं बाला."

आशुतोषला हसावं की रडावं कळेना. त्याने चाचांच्या हातून हातोडी घेतली आणि टिकमार्कवरच पहिला घाव घातला. सिमेंटचा पापुद्रा निघाला, आणि मागून दगडाचा भुगा पिठासारखा ओघळला.

पाहणी पुढे ढकलावी लागली. वरच्या साहेबांची बोलणी आशुतोषने खाल्ली, चाचांचं नाव पुढे केलं नाही. दीड महिना चाचा त्या भिंतीशी होते. एकेक दर्ज छिन्नीने मोकळी केली, दगड गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, मीठ निघेतो. मगच चुना. गुडघे सुजले, पण परांचीवरून उतरायचं नाव नाही. दुसऱ्या गवंड्याला त्या भिंतीला हात लावू दिला नाही.

काम संपलं, त्या दिवशी आशुतोष अहवाल घेऊन आला. "चाचा, ही भिंत कुणी दुरुस्त केली ते लिहायचंय. तुमचं नाव टाकतोय. जुन्या सिमेंटचं मात्र 'गवंडी अज्ञात' असं लिहू ना?"

चाचा हात धूत होते. ते म्हणाले, "अज्ञात कशाला, साहेब? मी उभा हाय की समोर. दोन्ही कामांखाली कासिम लिवा, आणि खाऱ्या रेतीचंबी लिवा, म्हणजे पुढचा गवंडी तरी फसणार नाय. सिमेंटचं आधी लिवा, ते आधी झालंय."