गॅलरीतल्या कुऱ्हाडी

जुनी कुऱ्हाड घासायला घेतली की गंज निघतो, आणि गंजाबरोबर माणसंही! कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस चहा होईपर्यंत घरातली सगळी भानगड सांगून जातो. असे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की बायको कुसुम म्हणते, "एकदा रद्दीवाल्याला तेही देऊन टाका." म्हटलं, देण्याआधी तुम्हाला ऐकवावेत.

मी पाटबंधारे खात्यातला रिटायर्ड कारकून. तीस वर्षांत पेन्सिलीखेरीज कशाला टोक काढलं नाही. आमचं गाव पिंपळनेरजवळ. आबा, म्हणजे वडील गेले आणि वाटणी झाली. मोठ्या भावाला म्हटलं, जमीन तू म्हणशील तशी वाट, मला फक्त आबांची कुऱ्हाड दे. भाऊ भर बैठकीत म्हणाला, "तुले काय करनी शे कुऱ्हाड? तुन्ही गॅलरीमा कोनतं झाड शे तोडाले?"

सगळे हसले. मी तसाच उठलो आणि एसटी पकडून जळगावला आलो. त्यानंतर अकरा वर्षं आमचं बोलणं बंद. जमिनीवरून भांडलो असतो तर लोकांना निदान कळलं तरी असतं! त्याच रागात भंगारातून कुऱ्हाडी आणून फ्लॅटच्या गॅलरीत घासायला लागलो. आज तेवीस आहेत. झाड एकही नाही.

*

पहिली कुऱ्हाड चिंचेच्या पाण्यात भिजत घातली. गंज छान सुटतो. भांडं मात्र आमटीचं निघालं!

कुसुमनं सकाळी झाकण उघडलं आणि आत ते काळं पाणी. मी म्हटलं, "अगं, डॉक्टर म्हणालेच होते ना, तुझं आयर्न कमी आहे."

ती हसली नाही. भांडं माझ्यासमोर आदळून म्हणाली, "लोकांच्या कुऱ्हाडी भिजवता. भावाला एक फोन करायला काय होतं तुम्हाला?"

ते भांडं आता माझंच आहे. आमटीसाठी तिनं नवीन आणलं.

*

शेजारी नाना राहतात, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. माझी कानस आणि दगड घेऊन तीन-तीन दिवस चाललेली घासाघीस त्यांना बघवेना. मी लग्नाला गेलो होतो तेव्हा माझी सगळ्यात चांगली कुऱ्हाड त्यांनी नेली आणि वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर धरली. पाच मिनिटांत काम! आलो तर पातं निळंशार.

ग्राइंडरनं लोखंड तापतं, पात्याचं पाणी म्हणजे कडकपणा उतरतो, मग ती धार दोन घावसुद्धा टिकत नाही. पन्नास वर्षं कुणाच्या तरी शेतात राबलेली कुऱ्हाड या माणसानं पाच मिनिटांत मारली. मी डोक्याला हात लावून बसलो.

नाना खुशीत म्हणाले, "साहेब, निळी झाली म्हणजे आता स्टेनलेस झाली!"

*

सलीमभाईचं भंगारचं दुकान आहे. कुऱ्हाड आली की मला फोन करतो आणि संध्याकाळी स्वतः आणून देतो. पहिल्यांदा आला तेव्हा सरळ माझ्या हातात द्यायला लागला. मी दोन पावलं मागे!

"सलीमभाई, आमच्याकडे कुऱ्हाड हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवायची, समोरच्यानं उचलायची. हातात दिली की भांडण होतं."

सलीमभाईनं निमूट खाली ठेवली. चहा पिता पिता आबांच्या कुऱ्हाडीची सगळी गोष्ट ऐकली. जाताना दारात थांबून म्हणाला, "लेकिन साहब, तुम्हारे भाई ने तो दी ही नहीं ना? फिर झगडा कैसे हुआ?"

मी दार लावून घेतलं.

*

धुळ्याकडे जाताना हायवेला एक नवीन हॉटेल झालंय. खाटा, कंदील, बैलगाडीचं चाक, सगळं गावासारखं. मालक पोरसवदा, गॉगल डोक्यावर. त्याला भिंतीवर लावायला चार कुऱ्हाडी हव्या होत्या. मी महिनाभर राबलो. पाती आरशासारखी केली, दांड्यांना जवसाचं तेल पाजलं.

त्यानं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "काका, फारच नवीन दिसतात हो. थोडा गंज परत आणता येईल का?"

चारही परत घेऊन आलो. त्याच्या भिंतीवर आता प्लास्टिकच्या आहेत. गंजासकट!

*

गावी जात नव्हतो, पण पिंपळनेरच्या बाजाराला एकदा गेलो. लांबून तरी घर दिसेल म्हणून. खोटं कशाला बोलू? पिशवीत माझी एक कुऱ्हाड होती. बाजारात डोंगराकडचा एक म्हातारा विळे विकत होता. मी ऐटीत त्याला ती दाखवली.

पात्याकडे त्यानं पाहिलंच नाही. दांडा चाचपून विचारलं, "हाऊ दांडा कोना हातना शे?"

म्हटलं, "कोणाचाच नाही. असाच बसवलाय."

म्हाताऱ्यानं ती खाली ठेवली. "दांडा मानूसना हातवर मापतस, साहेब. कोना हातना नही, मंग हाई कुऱ्हाड नही. नुसतं लोखंड शे!"

म्हणजे माझ्या गॅलरीत तेवीस लोखंडं.

*

गेल्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी दारात भाऊ उभा. काखेत गोणपाट. कुसुमनं वहिनीला फोन केला असणार, ती अजून कबूल करत नाही. गोणपाटात आबांची कुऱ्हाड होती. दांडा मधोमध मोडलेला.

सलीमभाई चहा पीत बसला होता. भाऊ त्याच्याकडे बघून म्हणाला, "यासले सांगा, दांडा मोडना. गावमा आते सुतार नही."

मी पण सलीमभाईलाच म्हटलं, "त्यांना सांग, हात पुढे करा. माप घ्यायचंय."

सलीमभाई कप ठेवून म्हणाला, "अरे साहब, ये यहीं बैठे हैं!"

भावानं हात पुढे केला. मी खांद्यापासून बोटापर्यंत सुतळी धरली. काय वाळला होता तो हात! मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. भाऊ भिंतीकडे बघत होता.

आठ दिवस खपलो. बाभळीचा दांडा भावाच्या मापाचा केला, पाचर ठोकली, धार अशी लावली की कागद नुसता टेकला तरी कापला जावा. आबांच्या हातानं गुळगुळीत झालेला मोडका दांडा मात्र मी न विचारता ठेवून घेतला.

भाऊ न्यायला आला त्या दिवशी सलीमभाई नव्हता. सांगायचं तरी कुणाला? चहा झाला. दुसरा चहा झाला. कुसुम आतून तीनदा डोकावून गेली.

शेवटी मी उठलो. कुऱ्हाड दोन्ही हातांवर घेतली आणि त्याच्यापुढे धरली. रीत मला ठाऊक होती. तरी म्हटलं, आज हातातच द्यायची.

भावानं कुऱ्हाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अकरा वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलला,

"खाले ठी दे. हातमा देवानी नही, भांडन होस!"