कोरड्या वाळूवर पोहताना

अडुसष्टाव्या वर्षी नागपूरच्या बाईनं लाटेवर उभं राहायला, म्हणजे सर्फिंग करायला, शिकायचं ठरवलं, की लोक आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी करतात. माझे गुडघे ठीक आहेत. पाण्याचीही भीती नव्हती. नातीनं मला वर्षभर तरणतलावावर बायकांच्या बॅचमध्ये घातलं होतं. मला अडवलं ते कोरड्या वाळूनं.

कोकणातल्या त्या किनाऱ्यावर शिकवणाऱ्या बाईंनी फळ्या वाळूत मांडल्या. "आजी, पाण्यात नंतर. आधी इथंच पोटावर झोपा आणि हात मारा." बाकीचे शिकाऊ, सगळे माझ्या नातीच्या वयाचे, धडाधड पालथे पडले आणि वाळू उपसू लागले. मीही पालथी पडले. हात काही उचलेना.

"आजी, काहून थांबली वं?" नातीनं विचारलं.

"कंबर धरली."

कंबर धरली नव्हती. हे मी आधी एकदा करून चुकले होते. आमच्या घरच्या दिवाणावर, भरल्या खोलीसमोर.

तेव्हा मी पस्तिशीची असेन आणि स्वतःला फार विनोदी समजत असे. आमचे हे हिंगण्याला कारखान्यात होते. चाळिशीला टेकल्यावर यांनी पोहायला शिकायचं मनावर घेतलं. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून छातीच्या वर पाणी आलं की त्यांचा श्वास अडके. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. सीताबर्डीहून एक निळी चड्डी आणली आणि रोज पाळी सुटली की तरणतलाव. दोन महिने काठाचा लोखंडी दांडा धरून पाय मारत राहिले. तळहात सोलपटून घरी यायचे.

"दांडाच घेऊन या ना घरी," मी म्हणायची. "रोज कायले जाता तिथवर?"

ते हसायचे.

मग मुलीचा वाढदिवस आला. शेजारीपाजारी होते, यांचे कारखान्यातले मित्र होते, आलुबोंडे फिरत होते. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा हा माणूस एकदम उभा राहिला. म्हणाला, "आज मी दांडा सोडला. या काठाहून त्या काठाले गेलो. एकटा."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. तो क्षण त्यांचा होता. मी तो हिसकावला.

"थांबा, कसे गेले ते मी दाखवते!" पदर खोचला, दिवाणावर पालथी पडले, गाल फुगवले, डोळे गरगर फिरवले, हातपाय झाडले आणि ओरडले, "वाचवा गा, कोणी तरी वाचवा मले!" खोली नुसती फुटली. समोरच्या वहिनींच्या नाकात चहा गेला. सगळ्यांत मोठ्यानं हेच हसले.

काय ती नटी! आज भेटली तर त्याच दिवाणावरून खाली ढकलीन तिला.

दोन-तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, तारेवर निळी चड्डी वाळत नाही. "पाळी बदलली," ते म्हणाले. पाळी बदलली नव्हती. डबा मीच भरत होते. मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर तीस वर्षं, नदी असो की तलाव, सगळे पाण्यात उतरायचे आणि हे काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. "तुझे बाबा पाण्याले घाबरतात," मी मुलीला सांगितलं. गंमत म्हणून. तिनं तिच्या मुलीला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तरी घरात ती गंमत चालूच राहिली.

वाळूवर बाई थांबल्या होत्या. मी डोळे मिटले आणि हात मारले. कोणी हसलं नाही. नात शेजारी बसून अगदी गंभीरपणे म्हणत होती, "बरोबर, आजी. असंच." नवशिक्याला एवढंच लागतं. एवढंच.

पाण्यात किती वेळा पडले ते मोजलं नाही. वर आले की नात "मस्त!" म्हणून ओरडायची, जणू मी पडायलाच शिकत होते. एकदा मात्र गुडघे फळीवरून वर उचलले, तळपाय टेकले आणि मी उभी होते. दोन श्वास. मग लाटेनं उचलून आपटलं.

नातीनं मला धरून उभं केलं. पाणी कमरेएवढंच होतं. "आजी, उभी राहिली तू! आजोबा असते तर पाहूनच घाबरले असते, नाई?"

"नाई वं," मी म्हणाले. "त्यांले पोहता येत होतं."

"आजोबांले? आई तर म्हणते..."

"तुझ्या आईले मीच सांगितलं तसं. खोटं सांगितलं. या काठाहून त्या काठाले ते एकटे गेले होते."

तिचं हसू थांबलं. "मग पुन्हा कधी पाण्यात उतरले नाई?"

"नाई."

"काहून?"

मी फळीला दोन्ही हातांनी धरलं आणि तिला दिवाणाची गोष्ट सांगू लागले. नक्कल न करता.